स्त्रीपर्व नसलेले युद्ध

मोबाइलवरचे मारामारीचे खेळ मुलांना खेळू द्यावेत की नाही, हा वाद गेली काही वर्षे आपल्याकडे मोठ्या हिरिरीने चालला आहे. एक पक्ष म्हणतो, या खेळांनी मुले हिंसक होतात, सरकारने ते बंद करावेत. दुसरा पक्ष म्हणतो, खेळ तो खेळच. मुलाकडे लक्ष देणे हे आईबापांचे काम, त्यात सरकारने कशाला पडावे? दोन्ही पक्ष तावातावाने बोलतात. मात्र ज्या खेळाविषयी बोलायचे, तो त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी शेवटपर्यंत पाहिलेला असतो. पुस्तक न वाचता त्याच्यावर अभिप्राय देणाऱ्याला आपण टीकाकार म्हणत नाही. मग खेळाच्या बाबतीत एवढी सूट का द्यावी?

तसा हा वाद जुनाच आहे. अमेरिकेत १९५४ साली डॉ. फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाने चित्रकथांच्या पुस्तकांवर कोरडे ओढले, आणि त्याच वर्षी तेथील प्रकाशकांनी घाबरून स्वतःसाठी एक नियमावली करून घेतली. आपल्याकडे १९५६ साली अल्पवयीनांना हानिकारक ठरणाऱ्या प्रकाशनांविरुद्ध कायदा झाला. पुढे १९९७ पासून दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ आला, तेव्हा त्याचे अनुकरण करताना मुले जखमी होतात म्हणून घराघरांत काळजी पसरली. प्रत्येक पिढीतील वडीलधाऱ्यांना आपल्यानंतर आलेले खेळणेच तेवढे घातकी वाटते. तेव्हा या वादात उतरण्यापूर्वी आपण एक साधे काम करू. हा खेळ एक कृती म्हणून वाचून पाहू.

मी केजसारख्या तालुक्याच्या गावी मास्तरकी करतो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक, आणि हातून चार कादंबऱ्या लिहून झाल्या आहेत. पात्रे, प्रसंग आणि शेवट यांपलीकडचे मला फारसे कळते असा माझा दावा नाही. पण हा खेळ विद्यार्थ्यांच्या शेजारी बसून, त्यांना प्रश्न विचारून विचारून मी पुष्कळ पाहिला आहे.

मुले ज्याला ‘पब्जी’ म्हणतात तो खेळ संगणकावर २०१७ साली आणि मोबाइलवर २०१८ साली आला. त्याचे कथानक चार वाक्यांत सांगता येते. शंभर माणसे विमानातून हवाई छत्र्या घेऊन एका ओसाड बेटावर उतरतात. हातात काही नसते. रिकाम्या घरांत शिरून बंदुका, गोळ्या, मलमपट्टी जमवायची असते. बेटाभोवती एक वर्तुळ हळूहळू आवळत येते, त्याच्या बाहेर राहील तो मरतो. अखेरीस जो एकटा, किंवा जी एक टोळी, जिवंत राहते ती जिंकते. ‘फ्री फायर’ नावाचे त्याचे भावंड आहे, त्यात माणसे पन्नास आणि डाव छोटा, एवढाच काय तो फरक. स्वस्तातल्या मोबाइलवरही ते चालते, म्हणून आमच्याकडे तेच अधिक.

या खेळाचे गुण आधी सांगतो. रचना म्हणून तो उत्तम बांधलेला आहे. आवळत येणाऱ्या वर्तुळामुळे कथानक कोठे रेंगाळत नाही. निम्मा वेळ शोधाशोधीत, लपण्यात आणि कानोसा घेण्यात जातो. रहस्यकथा लिहिणाऱ्याने हेवा करावा अशी ती उत्कंठा आहे. चौघांची टोळी करून खेळताना एकाला गोळी लागली, तर दुसरा स्वतःचा जीव धोक्यात घालून त्याला उठवायला धावतो. मुले त्याला ‘रिवाइव्ह’ म्हणतात. वर्गात एकमेकांना पेन्सिल न देणारी पोरे येथे एकमेकांसाठी धावताना मी पाहिली आहेत. हे ज्याला दिसत नाही, त्याला मुले या खेळाला का चिकटतात हे कधीच कळणार नाही.

आता दोष. तो कळण्यासाठी या खेळाचे कूळ पाहावे लागते. त्याचा कर्ता ब्रेंडन ग्रीन हा आयर्लंडचा गृहस्थ. आपल्याला ही कल्पना ‘बॅटल रॉयल’ या जपानी चित्रपटावरून सुचली, हे त्याने मोकळेपणाने सांगितले आहे. तो चित्रपट २००० सालचा, आणि ज्या कादंबरीवर तो बेतला ती कौशुन ताकामी यांची, १९९९ ची. त्या कथेत सरकारच शाळकरी मुलांचा एक अख्खा वर्ग बेटावर नेऊन सोडते आणि त्यांना आपसांत मरेपर्यंत लढायला लावते. चित्रपटाचे दिग्दर्शक किंजी फुकासाकु १९४५ साली पंधरा वर्षांचे होते. दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला जुंपलेल्या मुलांपैकी ते एक. हल्ल्यात मेलेल्या सोबत्यांची प्रेते त्यांना हाताने उचलावी लागली होती. वडील माणसांवरचा त्यांचा विश्वास तेथेच उडाला. म्हणजे मूळ कृती हा मोठ्यांवर भरलेला खटला आहे. तीत मरणाऱ्या मुलाला नाव आहे, त्याचे कोणावर तरी प्रेम आहे, आणि त्याला मारणारा त्याच्याच बाकावरचा आहे. जपानच्या संसदेपर्यंत त्या चित्रपटाचा वाद गेला, यात नवल नाही.

खेळाने त्यातून बेट घेतले, हत्यारे घेतली, शेवटी एकच उरण्याची अट घेतली. नावे तेवढी वगळली. सक्ती करणारे वडीलधारेही वगळले. खेळाच्या पूर्ण इंग्रजी नावातच ‘अनोळखी खेळाडू’ हे शब्द आहेत, कर्त्याचे ते टोपणनाव होते. येथे माणूस मेला की त्याचे प्रेत राहत नाही. त्याच्या जागी एक पेटी उरते. पोरे तिला ‘क्रेट’ म्हणतात. मारणारा धावत येतो, पेटी उघडतो, कामाचे ते उचलतो आणि पुढे जातो. विजेत्याला शेवटी कोंबडीच्या जेवणाची वर्दी मिळते आणि लगेच दुसरा डाव सुरू होतो. मेलेल्या नव्याण्णवांविषयी एक अक्षर नाही.

आपल्याकडे युद्धाची सर्वांत मोठी कथा महाभारत. तीत रक्ताची काही कमतरता आहे काय? दुःशासनाची छाती फोडली जाते, झोपलेली मुले कापली जातात. पण व्यासांनी अठरा दिवसांच्या युद्धानंतर कथा मिटवली नाही. त्यांनी स्त्रीपर्व लिहिले. गांधारी रणभूमीवर येते आणि एकेका प्रेताशी थांबून त्याची ओळख सांगते. ती केवळ आपल्या पोरांसाठी रडत नाही. शत्रूच्या अभिमन्यूसाठी आणि त्याच्या कोवळ्या बायकोसाठीही रडते. आणि त्याच पर्वाच्या शेवटी, मृतांना पाणी देताना, कुंती सांगते की कर्ण तुमचा थोरला भाऊ होता. ज्याला मारले म्हणून पांडवांनी आनंद केला, तो कोण होता हे तेव्हा कळते. ‘तो कोण होता?’ हा प्रश्न ज्या युद्धकथेत विचारला जातो, ती कितीही रक्तरंजित असली तरी मुलाच्या हाती द्यायला मला भीती वाटत नाही. मोबाइलवरच्या या युद्धाला स्त्रीपर्वच नाही, हा माझा त्याच्यावरचा मुख्य आक्षेप आहे.

हा दोष ज्यांनी सुधारायला घेतला, त्यांनी तो कोठे शोधला पाहा. बंदीनंतर २०२१ साली हा खेळ नवे भारतीय नाव धारण करून परत आला, तेव्हा रक्ताचा रंग लालऐवजी हिरवा करण्यात आला आणि ‘मारला’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाच्या जागी ‘संपवला’ अशा अर्थाचा शब्द घालण्यात आला. रक्त हिरवे केल्याने मेलेल्याला नाव मिळत नाही. ‘संपवला’ हा शब्द तर माझ्या कानाला ‘मारला’पेक्षा अधिक निर्दय लागतो.

यावर एक वजनदार उत्तर आहे, आणि ते खुद्द अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिले आहे. कॅलिफोर्निया राज्याने २००५ साली हिंसक व्हिडिओ खेळ अल्पवयीनांना विकण्यास बंदी करणारा कायदा केला. तो न्यायालयाने जून २०११ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी रद्द ठरवला. न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी निकालपत्रात म्हटले की, मुलांच्या गोष्टी पूर्वीपासूनच क्रूर आहेत. ग्रिम बंधूंच्या परीकथेत दोन लहान मुले चेटकिणीला भट्टीत लोटून मारतात. मुद्दा बिनतोड वाटतो. आपणही म्हणू शकतो की, पूतना, बकासुर, अफजलखान या गोष्टी ऐकतच आपली मुले वाढली.

पण यात एक गोष्ट नजरेआड होते. त्या कथा मुलाकडे एकट्या येत नव्हत्या. त्यांना सांगणारे माणूस होते. आजी गोष्ट सांगताना मुलाचा चेहरा पाही; तो घाबरला तर आवाज उतरवी, राक्षस मेल्यावर तो फारच खूश झाला तर राक्षसाच्या आईचेही काही सांगे. आपली दिवाळीच घ्या. नरकचतुर्दशीला कितीतरी घरी पोरे अंगठ्याखाली कारीट चिरडतात. तो नरकासुराचा वध. मारण्याचाच खेळ, पण तो पहाटे, न्हाऊमाखू घालणाऱ्या आईच्या देखत होतो, आणि मरता मरता नरकासुराने काय मागणे मागितले हेही त्याच वेळी सांगितले जाते. दोन दिवसांनी बलिप्रतिपदा येते, आणि ज्या बळीला पाताळात घातले त्याचेच राज्य पुन्हा येवो, असे आपल्या बाया ओवाळताना म्हणतात. हरलेल्याची पूजा करणारा सण मुलांच्या हाती टिकल्यांचे पिस्तूल देतो, तेव्हा मला त्या पिस्तुलाची काळजी वाटत नाही. मोबाइलवरच्या खेळात कारीट आहे, पण पहाट नाही आणि आईही नाही.

आता मुख्य आरोपाकडे येऊ. या खेळांनी मुले खरोखर हिंसक होतात काय? येथे भावनेच्या भरात बोलणे बरे नव्हे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१५ साली म्हटले की, अशा खेळांचा चिडखोरपणाशी संबंध दिसतो, पण खऱ्याखुऱ्या हिंसक गुन्ह्यांशी तो जोडायला पुरावा अपुरा आहे. २०२० साली तिने हेच पुन्हा बजावले. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ साली सुमारे हजार ब्रिटिश किशोरांची पाहणी केली, आणि मुलांच्या वागण्याविषयी त्यांच्या पालकांनाच विचारले. त्यांना असा संबंध आढळला नाही. २०१७ साली ‘ब्लू व्हेल’ नावाच्या एका तथाकथित खेळाने देशभर केवढी घबराट उडवली होती! अंधेरीतील एका शाळकरी मुलाच्या मृत्यूपासून ती सुरू झाली. जानेवारी २०१८ मध्ये सरकारने संसदेला सांगितले की, तपासलेल्या एकाही घटनेत त्या खेळाचा हात असल्याचे सिद्ध होऊ शकले नाही. तोवर किती आयांनी रात्री जागून काढल्या असतील!

मग काहीच बिघडत नाही काय? बिघडते, पण दुसऱ्या ठिकाणी. मार्च २०१९ मध्ये आपल्या मराठवाड्यातच, हिंगोलीला, पब्जीत गुंग झालेले दोन तरुण रेल्वेखाली सापडल्याचे वृत्त आले. त्यांनी कोणावर हात उगारला नव्हता. आगगाडीचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचला नाही एवढेच. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१९ मध्ये खेळाच्या विकाराला आजारांच्या यादीत स्थान दिले. खेळावर ताबा न राहणे, बाकी सर्व कामांपेक्षा खेळ मोठा होणे, नुकसान दिसत असूनही तो न सुटणे, आणि हे साधारण वर्षभर चालणे, ही त्याची लक्षणे सांगितली आहेत. त्यांत बंदुकीचा उल्लेख नाही. खेळात रक्त किती, यापेक्षा खेळाबाहेर मुलाचे काय उरले, हे तेथे पाहिले जाते. सकाळच्या पहिल्या तासाला डोळे लाल घेऊन येणारी मुले ज्या मास्तराने पाहिली आहेत, त्याला ही लक्षणे समजावून सांगावी लागत नाहीत.

कायद्याने काय केले तेही थोडक्यात पाहू. मार्च २०१९ मध्ये राजकोटच्या पोलिसांनी पब्जीवर बंदी घातली आणि खेळताना सापडलेल्या विद्यार्थ्यांना चक्क अटक केली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात एका अकरा वर्षांच्या मुलाने आईमार्फत याचिका करून या खेळावर बंदी मागितली. अखेर २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲप बंद केली, त्यांत पब्जी होता. पण कारण होते चिनी संबंध आणि देशाची सुरक्षितता. मुलांचा त्यात विचार नव्हता. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘फ्री फायर’ बंद झाला, तर त्याचीच ‘मॅक्स’ ही आवृत्ती चालू राहिली, आणि पोरांनी एका दिवसात घर बदलले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा जो कायदा केला, तो पैसे लावून खेळायच्या खेळांविरुद्ध आहे. जुगाराने उद्ध्वस्त होणाऱ्या घरांसाठी तो हवाच होता. बिनपैशाच्या मारामारीला त्याचा धक्का लागत नाही.

राहता राहिली पालकांची संमती. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यापूर्वी पालकाची संमती घ्यावी, असे २०२३ चा विदा संरक्षण कायदा सांगतो. खेळाची भारतीय आवृत्तीही अल्पवयीन खेळाडूकडे पालकाचा दूरध्वनी क्रमांक मागते. कागदावर सारे व्यवस्थित आहे. आता हे कलम घेऊन केज तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावर या.

आमचा बीड जिल्हा ऊसतोड्यांचा. दिवाळी झाली न झाली की मुकादमाची उचल घेतलेली माणसे ट्रॅक्टर-ट्रकांत संसार भरून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. नवराबायकोच्या जोडीला या धंद्यात ‘कोयता’ म्हणतात; दोन माणसांची मिळून हिशेबात ओळख एका हत्याराच्या नावाने. पाच-सहा महिने ती परत येत नाहीत. काही पोरे बरोबर जातात, काही आजी-आजोबांपाशी राहतात. त्या घरात जो मोबाइल असतो तो आईबापांचा आवाज ऐकण्यासाठी ठेवलेला असतो. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा आम्हीच मास्तर लोकांनी सांगितले की, मोबाइल घ्या, अभ्यास त्याच्यावर येईल. उचलीतले पैसे मोडून लोकांनी तो घेतला. आता पालकाच्या संमतीचा आकडा त्याच मोबाइलवर येतो. आजीला अक्षर येत नाही. आकडा नातूच वाचतो, नातूच भरतो, आणि नातवाने नातवाला संमती दिली अशी कंपनीच्या दप्तरी नोंद होते.

‘आईबापांनी लक्ष द्यावे’ हे वाक्य शहरातल्या व्याख्यानात सोपे आहे. लक्ष देणे म्हणजे वेळ देणे, आणि वेळ ही सर्वांना सारखी वाटलेली वस्तू नाही. पहाटे तीनला फडात उतरणाऱ्या बाईने शंभर कोसांवरच्या पोराच्या हातातला पडदा कसा पाहावा? माझ्या ओळखीचा एक मुलगा आईबापांबरोबर कारखान्यावरच्या कोपीत राहायला गेला. त्याचा जिवलग मित्र इकडे मागे राहिला. दोघे रात्री त्या बेटावर भेटत, आणि गोळ्यांच्या आवाजात आज काय खाल्ले, बैल कसा आहे, हे एकमेकांना विचारत. तो खेळ त्यांच्याकडून हिसकावून घ्यावा असे म्हणण्याचा मला धीर होत नाही.

आणि हिंसेविषयी आम्ही मोठ्यांनी फार उंच स्वरात बोलू नये असे दुसरेही कारण आहे. ९ डिसेंबर २०२४ रोजी याच केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून त्यांची हत्या झाली. मार्च २०२५ मध्ये त्या क्रौर्याची छायाचित्रे घरोघर मोबाइलवर येऊन पडली. मुलांनीही ती पाहिली. दुसऱ्या दिवशी वर्गात कोणी आवाज केला नाही. जी मुले रोज शेकडोंना ‘संपवतात’, ती त्या दिवशी मान खाली घालून बसली होती; कारण या मेलेल्या माणसाचे नाव त्यांना ठाऊक होते, गाव ठाऊक होते, त्याच्या घरच्यांचा शोक त्यांनी ऐकला होता. खरे आणि खोटे यांतला फरक मुलांना कळतो, हे मला तेव्हा दिसले. तो कळण्यासाठी मेलेल्याची ओळख लागते, हेही दिसले.

म्हणून पालकांची जबाबदारी या शब्दाचा अर्थ मी माझ्यापुरता असा लावतो: खेळात जे पर्व नाही, ते मोठ्यांनी शेजारी बसून सांगायचे. त्याला इंग्रजी लागत नाही, मोबाइल वापरता यावा लागत नाही. आजीने एवढेच विचारावे, “अरे, आत्ता मेला तो कोण होता?” पोरगा आधी हसेल, मग विचार करील. मी वर्गात हे करून पाहिले. ‘पेटीत सापडलेली चिठ्ठी’ असा निबंधाचा विषय दिला. तुम्ही ज्याला मारले त्याच्या पेटीत एक चिठ्ठी सापडली, तीत काय होते ते लिहा. बहुतेकांनी चार ओळी लिहून सुटका करून घेतली. एका मुलाने लिहिले की, मेलेल्याच्या खिशात मुकादमाच्या हिशेबाचा कागद होता आणि त्याची उचल अजून फिटायची होती. त्या मुलाने खेळ सोडला असे मी म्हणणार नाही. तो अजून खेळतो. पण त्याने एका अनोळखी माणसाला घरदार दिले, आणि कादंबरीकार म्हणून मला याहून मोठे काम ठाऊक नाही.

ज्या घरी आजीही नाही, तेथे हे काम गावाचे आणि सरकारचे आहे. ऊसतोड्यांच्या मुलांना गावातच ठेवून जेवू घालणाऱ्या हंगामी वसतिगृहांची योजना आपल्याकडे आहे. पोटाची सोय होते. संध्याकाळची होत नाही. दिवेलागणीपासून झोपेपर्यंतच्या दोन-तीन तासांत त्या मुलांजवळ एक जाणते माणूस असावे, खेळ पाहणारे, गोष्ट सांगणारे, वेळ झाली की मोबाइल ठेवायला लावणारे. त्या माणसाच्या मानधनाची तरतूद कोणत्या कलमाखाली करायची ते अधिकारी ठरवोत; पण ती तरतूद न करता पालकांच्या जबाबदारीवर भाषणे करणे म्हणजे फडातल्या माणसाला घराला कुलूप लावायला सांगण्यासारखे आहे.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा आमच्याकडे ट्रक भरायला लागलेले असतील. आपल्या घरी फराळाचे ताट पुढे घेऊन कोपऱ्यात मोबाइलवर वाकलेला एखादा मुलगा असेल, तर त्याला ओरडू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा आणि डाव संपेपर्यंत पाहा. मग पेटीत कोण होता, ते त्याला विचारा.